दोन तांबे पाणी

बत्तीस वर्षं इस्त्री करून एकही कपडा न जाळलेला माणूस मला दाखवा, असं आव्हान कडकमामा येईल त्या गिऱ्हाइकाला द्यायचे, आणि गिऱ्हाईक विचारात पडायच्या आत स्वतःच छातीवर हात ठेवून मोकळे व्हायचे. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. त्यांची इस्त्री कडक, म्हणून तेही कडक. स्वभावाने म्हणाल तर मेणाहून मऊ, पण ते उघड करायची त्यांची तयारी नव्हती.

दुकान म्हणजे चपला शिवणाऱ्या काकांच्या शेजारची एक अरुंद खोली. जुनं ब्लँकेट आणि त्यावर पांढरी चादर ताणलेलं टेबल, भिंतीला फळ्या, फळ्यांवर घड्यांचे गठ्ठे. छताला पंखा होता, पण तो लावायचा नाही, असा नियम. लावला तर घड्या उडतात! तेव्हा आठवणीतल्या सगळ्या उन्हाळ्यांत मामा त्या बंद पंख्याखाली तापलेल्या इस्त्रीसमोर घाम गाळत उभे.

आणि त्यांची खरी कला होती पाणी मारण्यात. तांब्या उचलायचा, तोंडात घोट भरायचा, गाल फुगवायचे, डोळे अर्धे मिटायचे, आणि फुर्र! सदऱ्यावर इतका बारीक फवारा बसायचा की थेंब शोधून सापडू नये. नवीन गिऱ्हाइकांचे चेहरे हे बघून जरा वेगळेच व्हायचे, म्हणून मामांनी टेबलापुढे अर्धा पडदा लावून घेतला होता. लेकीने एकदा चांगली फवाऱ्याची बाटली आणून दिली. मामांनी ती दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाले, "अगं, थेंब केवढाले पडतायत! सदऱ्याला अंघोळ घालायचीय का मला?" तेव्हापासून त्या बाटलीत सुटी बटणं राहायला गेली.

पाण्याची जबाबदारी मामींकडे. सकाळी एक भरलेला तांब्या मामांबरोबर जायचा, दुसरा दुपारच्या डब्याबरोबर मामी स्वतः घेऊन यायच्या. संध्याकाळी दोन्ही रिकामे घरी. मामी ते उलटे करून बघायच्या आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आमच्या ह्यांचं बाकी काही सांगू नका, पण पाण्याचं अगदी वेळच्या वेळी हं!" संसारात नवऱ्याचं कौतुक करायला एवढी एक जागा सापडली होती, ती त्या कशाला सोडतील?

त्या वर्षी मात्र उन्हाळा लागल्यापासून मामांचं काहीतरी बिनसलं. डोकं ठणकायचं. पोटऱ्यांत गोळे यायचे. दुपारी कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी यायची, तेव्हा ते टेबलाची कड धरून उभे राहायचे आणि शेजारचे काका बघताहेत असं दिसलं की उगाच टेबल पुसायला लागायचे. घरी अवाक्षर नाही. सांगितलं असतं तर कडक कसले?

पण चोरी लपली नाही. लेकीला प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि कामावर घालायचा पांढरा कोट घरी आला. "ह्याला मीच इस्त्री करणार, आणि अशी करणार की तिथले मोठे साहेब पत्ता विचारत येतील," असं जाहीर करून मामा कोट घेऊन दुकानात गेले. बाह्या झाल्या, पुढचं झालं, कोट पालथा घातला, पाठीवर इस्त्री ठेवली, आणि अंधारी आली. मामांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. दोन्ही हातांनी. इस्त्री राहिली तिथेच. डोळे उघडले ते जळल्याच्या वासाने. कोटाच्या पाठीवर अगदी मधोमध तपकिरी डाग, इस्त्रीच्या आकाराचा. मामा स्टुलावर बसले आणि चक्क रडले. लेक पहिल्या दिवशी मैत्रिणीचा ढगळ कोट घालून कामावर गेली. "कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही, बाबा," असं तिने आल्यावर तीनदा सांगितलं. एकदाच सांगितलं असतं तर मामांना पटलंही असतं.

मग दवाखाना आलाच. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, तपासण्या केल्या. "लक्षणं तर पाणी कमी पडल्याची आहेत. पाणी पिता का?"

मामांनी तोंड उघडायच्या आत मामी म्हणाल्या, "दिवसाला दोन मोठे तांबे! मी स्वतः भरते आणि रिकामे मोजून घेते."

"हो का?" डॉक्टरीणबाईंनी मामांकडे पाहिलं.

"दोन तांबे संपतात," मामा म्हणाले. आता ह्यात खोटं काय होतं? संपत तर होतेच.

"मग पाण्याचा प्रश्न नाही. शरीराला ही उष्णता आता सोसत नाही, असं समजायचं. इस्त्रीसमोर उभं राहणं थांबवलेलं बरं."

बाहेर आल्यावर मामींनी रस्त्यातच निकाल दिला. "महिनाअखेर दुकानाला कुलूप. त्याआधी फरक पडला तर बोला. आज कोट जळला, उद्या हात जळेल, परवा तुम्ही पडाल. मला दुकान नको, तुम्ही हवे आहात." हे शेवटचं वाक्य मामींनी लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण दोघंही घरापर्यंत एकमेकांकडे न बघता चालत गेले.

मामांना रात्रभर झोप नाही. बत्तीस वर्षं तीच खोली, तोच उजवा हात, तीच कोपऱ्यावरून मारलेली "मामा, झाली का हो?" अशी हाक. ते सगळं गेलं तर सकाळी उठून माणसाने करायचं काय? दाराशी बसून लोकांच्या चुरगळलेल्या कॉलर बघायच्या?

लेक गप्प बसणारी नव्हती. "दोन तांब्यांनी होत नाही ना, मग चार पाजू. साधं पाणी कंटाळवाणं वाटतं, त्यात काहीतरी घालू." पहिल्या दिवशी लिंबाच्या चकत्या. दुसऱ्या दिवशी काकडी. तिसऱ्या दिवशी दोन्ही, वर पुदिन्याची मूठभर पानं. मामांनी तांब्यात डोकावून पाहिलं. "हे पाणी आहे की भाजीमंडई?"

"प्या हो बाबा. छान लागतं."

"बघतो बघतो," म्हणत मामांनी काकडीची चकती बोटाने काढून खाल्ली, आणि तांबे नेहमीसारखे संध्याकाळी रिकामे आले. चारही. मामी हरखल्या. अंधारी मात्र काही जाईना. पोटऱ्यांतले गोळे तिथेच. महिना संपायला बारा दिवस उरले, आणि मामींनी एक नवं कुलूप आणून फडताळात ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी डबा घेऊन दुकानात आल्या, तर तिथे शाळेचे हेडमास्तर उभे. हेडमास्तर म्हणजे मामांचं मानाचं गिऱ्हाईक. आज त्यांच्या हातात एक सदरा होता आणि चेहऱ्यावर मोठं कोडं.

"मामा, हल्ली कपड्यांना तुम्ही काही लावता का?"

"छे हो. पाणी आणि इस्त्री. तिसरी वस्तू नाही."

"मग काल सभेत शेजारी बसलेल्या बाई मला म्हणाल्या, सर, काकडी खाऊन आलात का? परवाच्या सदऱ्याला लिंबाचा वास होता. आणि आज," हेडमास्तरांनी कॉलर उलटी केली, "हे बघा."

कॉलरच्या आत पुदिन्याचं एक पान चिकटलेलं होतं. इस्त्रीने कडक झालेलं, एकही सुरकुती नसलेलं.

मामींनी पानाकडे पाहिलं. मग तांब्याकडे. मग मामांच्या तोंडाकडे. मामी हुशार, त्यांना तिसऱ्या नजरेच्या पुढे जावं लागलं नाही.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि हळू आवाज ही मामींच्या रागाची वरची पायरी होती, "ह्या तांब्यातलं तुम्ही पिता किती?"

"म्हणजे काय... तोंडाला तर दिवसभर..."

"तोंडाला नाही विचारत. पोटात किती जातं?"

मामा आठवू लागले. खरंच आठवू लागले. दिवसभर घोट भरायचा आणि सोडायचा, भरायचा आणि सोडायचा. तोंड कायम ओलं, त्यामुळे तहान म्हणून काही लागतच नसे. थोडंफार घशाखाली जात असेल असं ते धरून चालले होते. पण गिळल्याचं? गिळल्याचं काही आठवेना. मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे बत्तीस वर्षं," मामी म्हणाल्या, "मी लोकांच्या सदऱ्यांना पाणी पाजलं! आणि डॉक्टरीणबाईंसमोर ग्वाहीसुद्धा दिली! शेजारणीला तर काय काय सांगितलंय मी!"

"म्हणजे ते पाणी... तोंडातून?" हेडमास्तरांना आत्ता उलगडा झाला होता. त्यांचा हात नकळत अंगातल्या सदऱ्याकडे गेला. "आणि पँटवरसुद्धा?"

मामांनी घाईघाईने टेबल पुसायला घेतलं. शेजारचे काका मात्र चपलेत तोंड खुपसून हसत होते.

त्याच संध्याकाळी लेकीने बाटलीतली बटणं ओतून काढली, बाटली धुतली आणि तिचं तोंड फिरवून फिरवून फवारा बारीक करून दाखवला. अशी फिरते हे मामांना माहीतच नव्हतं. "ठीक आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं.

सकाळी बाटलीने काम सुरू झालं, आणि अकराच्या सुमाराला मामांना एक अजब गोष्ट कळली. जीभ टाळूला चिकटत होती. घसा कोरडा ठणठणीत. हे काय नवीनच? थोड्या वेळाने त्यांना त्याचं नाव आठवलं. तहान. त्यांनी तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या अर्धा संपवला. ना लिंबू, ना काकडी. लेकीचा पुदिना तसाच कोपऱ्यात पडून. "अगं, साधं पाणी गोड लागतं की!" त्यांनी संध्याकाळी असं सांगितलं, जणू शोध त्यांनीच लावला होता.

पण सवय कुठे इतकी सहज जाते? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कठीण कॉलर समोर आली की हात आपोआप तांब्याकडे, गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले. मग पडद्याबाहेरून मामींचा आवाज यायचा, "गिळा!" मामा दचकून गिळायचे. मामी घरी गेल्या की हे काम शेजारचे काका अंगावर घ्यायचे. दोन दिवसांत येणारी-जाणारी गिऱ्हाइकंही ओरडू लागली, "गिळा, मामा, गिळा!" आयुष्यभर ज्यांच्या कपड्यांची लाज मामांनी राखली, त्यांनी अशी परतफेड केली. पण गोळे कमी झाले. डोकं ठणकायचं थांबलं. अंधारी आधी एक दिवसाआड आली, मग आलीच नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी, नेमक्या अंधारीच्या वेळेला, मामी आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात ते नवं कुलूप. मागून लेक, तिच्या हातात नवा पांढरा कोट. मामांनी कोट घेतला आणि चादरीवर पसरला.

बाह्या झाल्या. पुढचं झालं. कोट पालथा घातला. पाठीच्या मधोमध एक हट्टी चुणी होती, आणि तिच्याकडे बघता बघता मामांचा हात जुन्या सवयीने तांब्याकडे गेला. घोट भरला. गाल फुगले. डोळे अर्धे मिटले. शेजारच्या काकांचा हातोडा हवेतच थांबला. लेकीने आईकडे पाहिलं. मामी ओरडल्या नाहीत. त्या नुसत्या नवऱ्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

मामांचा कंठ वर गेला आणि खाली आला.

मग त्यांनी तांब्या ठेवला, बाटली उचलून चुणीवर दोनदा दाबली आणि इस्त्री फिरवली. हात जराही हलला नाही. चुणी गेली. कोट उचलून लेकीच्या खांद्यांवर धरला, तर तो पांढराशुभ्र, कुठे एक ठिपका नाही.

मामींनी पदराने डोळे पुसले आणि कुलूप पिशवीत टाकलं.

"उद्यापासून तीन तांबे आणते," त्या म्हणाल्या. "आणि तो पंखा लावा आधी. घड्यांवर मी बसते."