बडेबाबूंची बाग

बडेबाबूंनी जन्मात कधी खुरपी हातात धरली नाही, पण आमच्या बागेतलं पानसुद्धा त्यांच्या सहीशिवाय हलत नसे.

सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, म्हणून ते आमच्या लेआउटच्या अख्ख्या वसाहतीचे बडेबाबू. मोकळ्या प्लॉटवरचा कचरा उपसून तिथे बाग करायची, दर रविवारी सकाळी श्रमदान, असं आम्ही पंधरा-वीस घरांनी ठरवलं. पहिल्या रविवारी आम्ही फावडी आणली. बडेबाबूंनी हजेरीबुक आणलं.

पाच मिनिटं उशीर झाला की लाल शाईचा शेरा. आम्ही माती उकरायचो आणि हे छत्री उघडून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "बडेबाबू, जरा हात तरी लावा!"

"अन् मंजुरी कोण देईन गा? मी कामच करून राहिलो ना!"

आता बोला!

आमचा सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, फार सुरेख आला होता. तोडायला अर्ज हवा. कोणाला किती जुड्या, यावर तीन बैठका झाल्या. तोवर त्याला फुलं येऊन धने लागले. आम्ही कपाळाला हात लावला. बडेबाबूंनी शांतपणे लिहिलं, 'सांबाराऐवजी धने प्राप्त.' त्याखाली आम्ही सगळ्या शिकल्यासवरल्या माणसांनी सह्या केल्या.

मे महिन्यात बोअर आटला. कडुनिंबाची गुडघ्याएवढी सात रोपं माना टाकू लागली. बडेबाबूंनी ठराव मांडला, की प्रत्येक घराने कूलरच्या पाण्यातली एक बादली रोज रोपांना द्यायची. टाळ्या वाजवून मंजूर! मीही सही ठोकली, घरी येऊन कूलर काठोकाठ भरला आणि ताणून दिली. बाकीच्यांनी काय केलं ते विचारायलाच नको.

एका सकाळी दूध आणायला निघालो, तर प्लॉटवर बडेबाबू. दोन्ही हातांत बादल्या, बनियन घामानं चिंब. मला पाहून ओशाळले.

"कोणाले सांगू नको गा. बडेबाबूनं पाणी भरलं तर वचक राहत नाही."

त्यांच्या घरचा कूलर पंधरा दिवस बंद होता, हे नंतर काकूंकडून, म्हणजे त्यांच्या पत्नीकडून कळलं. नागपूरचा मे, आणि कूलर बंद! त्यांच्या हातातली बादली मी तेव्हाच घ्यायला हवी होती. नाही घेतली. दूध घेऊन घरी गेलो.

आठवडाभरात ऊन लागून ते दवाखान्यात. मी भेटायला गेलो, तर पहिला प्रश्न, "झाडायले पाणी?"

"सगळे घालून राहिले, बडेबाबू. रोज. पाळीपाळीनं."

साफ थाप! त्यांनी समाधानानं मान हलवली. मला तिथे बसवेना. तडक घरी आलो, कूलर बंद केला, दोन बादल्या उचलल्या आणि प्लॉट गाठला. तिथे तिघं शेजारी बादल्या घेऊन आधीच उभे. तेही दवाखान्यातूनच आलेले.

रोपं जगली, सातही. बडेबाबू मात्र त्या दवाखान्यातून परत आले नाहीत. तेरवीला काकूंसमोर मला राहवलं नाही. रडतच कबूल केलं, की शेवटच्या भेटीत मी त्यांच्याशी खोटं बोललो.

काकू म्हणाल्या, "माहीत होतं त्यायले, भाऊ. तुम्ही गेल्यावर हसले. मले म्हणे, सारे एकामागून एक येऊन खोटं बोलून राहिले वं. आता लाजेनं तरी पाणी घालतीन."