धबधब्याकडे पाठ

दक्षिणेच्या लांब सहलीत माझ्या शेजारी विरारजवळच्या नंदाखालची एक वाडीवाली बसायची. नाव मी विचारलं नाही. तिच्या वाडीतली जुन्या जातीची केळ मेली होती. तसल्याच केळीचा मुनवा, बुडाशी फुटलेला कोंब, वाटेत मिळाला, तो ओल्या फडक्यात गुंडाळून तिने नातवासारखा मांडीवर घेतला. बाटलीतलं पाणी मेलेलं असतं म्हणून त्याला देईना. परतीला पान मलूल झालं.

शेवटी मोठा धबधबा आला. सगळे फोटो काढत होते. ही त्याच्याकडे पाठ करून फडकं भिजवत बसली.

“अगं बाय, वर तरी बघ,” मी म्हटलं.

“बघितलं. एवढं पाणी, नि खाली एक केळ नाही. फडकं धर.”

मी धरलं, धबधब्याकडे पाठ करून.

विरारला उतरताना पान ताठ होतं. धबधबा मला घरी सुनेने मोबाइलवर दाखवला.