सुपडूनानांनी सांगितलेला भाव

सुपडूनानांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. देवपुरात, पांझरेच्या पुलाकडून येणाऱ्या रस्त्याला त्यांचं सायकलचं दुकान होतं. दुकानात लोखंडी खुर्च्या दोन, आणि दोन्ही आमच्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी. नाना आपले उभे. पंक्चर काढायला उकिडवे व्हायचे, तेही टाचा उचललेल्या, आत्ता उठतील असे. बोलता बोलता दारापर्यंत जायचे, परत यायचे, मध्येच कुणाच्या तरी सायकलचं चाक फिरवून सोडायचे. ऐकणाऱ्याची मान दुखायला लागायची. "नाना, बसा हो घटकाभर, मला गरगरतंय," असं मी एकदा वैतागून म्हटलं. तर म्हणाले, "सर, मी बसनू का दुकान बसी गयं समजा."

पण नानांकडे लोक येत ते पंक्चरसाठी नव्हे. जुनी सायकल घ्यायची असो वा विकायची, भाव नानांनी सांगायचा. धुळ्यात तशी रीतच पडून गेली होती. नाना सायकल उलटी करायचे, चाक फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. फ्रेमच्या नळीवर नाणं वाजवायचे. मागच्या चाकापासून पुढे आणि परत मागे असा दोरा ताणून फ्रेम वाकली आहे का ते बघायचे. मालक बाजूला उभा राहून आपल्या सायकलचे गोडवे गायला लागला की तोडून टाकायचे, "किंमत सायकलनी रहास, मालकना तोंडनी नही." एकदा भाव सांगितला की संपलं. घेणाऱ्यानं घासाघीस करायची नाही, देणाऱ्यानं कुरकुर करायची नाही.

आणि भाव सांगेपर्यंत दोघांपैकी कुणाच्याही घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. चहा तर सोडाच. मी विचारलं होतं, हे काय खूळ? "ज्यानं पानी पिधं, त्यानं बोलनं ढिलं व्हस," एवढंच म्हणाले आणि दाराकडे निघून गेले.

आता माझं सांगतो. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. वस्तूची किंमत कशी ठरते हे फळ्यावर आलेख काढून पोरांना सांगायचं, हा माझा धंदा. पन्नाशी ओलांडली, डॉक्टरांनी साखरेवरून झापलं, आणि मी पहाटे लळिंगपर्यंत सायकल हाणणाऱ्या मंडळींत जाऊन मिळालो. तिथं मला जुन्या टुरिंग सायकलींचं वेड लागलं. लांबच्या प्रवासासाठी हातानं बांधलेल्या, पुढे-मागे सामानाचे कॅरिअर असलेल्या, चाळीस वर्षं जुन्या परदेशी सायकली. रोज मोबाइलवर त्यांचे फोटो बघत बसायचं. बायको म्हणायची, "आपल्या लग्नाच्या वेळी माझा फोटो तरी एवढा बघितला होतात का?"

आणि एके दिवशी मोबाइलवर जाहिरात दिसली. बोदवड. हिरव्या रंगाची टुरिंग सायकल, मूळ रंग, मूळ भाग. मागणी बावीस हजार. अशीच सायकल पुण्याचे शौकीन सत्तर-सत्तर हजाराला घेतात, हे मला पाठ होतं. दुसरा कुणी शहाणा असता तर बावीस हजार मोजून गप घेऊन आला असता. पण मला बावीसही जास्त वाटायला लागले! नानांना नेऊ, नाना 'अठरा' म्हणतील, आणि नानांच्या शब्दापुढे कोण बोलणार, असा माझा अर्थशास्त्रीय हिशोब.

धुळ्याहून जळगावपर्यंत बस, पुढे रेल्वे. बसमध्ये नाना दांडा धरून उभे, गाडीत दाराशी उभे. भुसावळ गेल्यावर मी त्यांच्या कानाशी लागलो. "नाना, बावीस जास्त आहेत एवढंच म्हणा. बाकी मी बघतो." नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर केळीच्या बागा मागे पळत होत्या, त्यांच्याकडेच बघत राहिले.

सायकल होती एका अक्कांची. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. नवरा रेल्वेत होता, तो वारून दोन वर्षं झालेली. मुलगा सुरतेला, तो न्यायला मागे लागलेला. म्हणून घर रिकामं करणं चाललं होतं. बावीसचा आकडाही मुलानंच फोनवर सांगितलेला. मे महिन्याचं ऊन, जीव नुसता तडफडत होता. अक्कांनी तांब्या पुढे केला. मी घटाघटा प्यायलो. नानांनी हात जोडले.

"पानी तं घ्या भाऊ, उन्हातान्हाचे आले," अक्का दुखावून म्हणाल्या.

"पहिले भाव, अक्का. मंग पानी."

ओसरीवर सायकल उलटी झाली. चाक फिरलं आणि फिरतच राहिलं, आवाज म्हणून नाही. नानांचे डोळे मिटलेले. नळीवर नाणं वाजवलं तशी ती देवळातल्या घंटेसारखी किणकिणली. नानांनी दोरा ताणला, गुंडाळला, पुन्हा ताणला. मग सायकल सरळ करून तिच्या हँडलवर हात ठेवून उभे राहिले, आणि मी पाहिलं, माणूस हललाच नाही. मिनिटभर तरी नाही. मला वाटलं, झालं, आता नाना अठरा म्हणणार!

तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "भाऊ, भाव सांगायच्या आधी माह्या एका गोष्टीचा निकाल करा. माह्या बापानं लग्नात चार तोळ्याच्या पाटल्या घातल्या होत्या. यायनं, आमच्या मालकानं, त्या मोडल्या अन् ही सायकल घेतली. एक गोरा माणूस सायकलवर देश हिंडत होता, जळगावात त्याचे पैसे सरले, त्याच्याकडून. मला इचारलंबी नाही. घेतल्यावर सांगितलं. चाळीस वर्षं मी यायच्याशी यावरून भांडले. यायचं एकच म्हननं, सोन्याच्या तोडीची वस्तू आहे, तुला कळत नाही. सासू म्हने, जाऊ दे. पोरगा म्हने, आई, किती उगाळशील. आता ते नाहीत. मला सुरतेला जायाच्या आधी कळू द्या. माह्या पाटल्या हिच्यात निघतात का नाही?"

सोन्याचा आजचा भाव कुणाला ठाऊक नाही? चार तोळे म्हणजे किती लाख, हे नानांनाही कळत होतं. मला वाटलं, 'हो' म्हणून टाकतील. म्हातारी बाई, नवरा गेलेला, दोन गोड शब्दांनी काय बिघडतं? नाना अंगणात उतरले. भिंतीपर्यंत गेले, परत आले. उन्हात डोकं उघडं, ओठ वाळलेले. पुन्हा गेले, पुन्हा आले. चार खेपा तरी झाल्या असतील.

मग समोर उभे राहून म्हणाले, "नही अक्का. पाटल्यास्नी बराबरी नही व्हस. सायकल चांगली शे, मी आयुष्यमा अशी देखेल नही. सत्तर हजारनी शे. पण सोनं ते सोनं. तुमनं चिडनं बराबर व्हतं."

अक्का ओसरीच्या पायरीवर मटकन बसल्या. तोंडाला पदर लावला. मी घाबरलो, काय गरज होती हो इतकं खरं बोलायची? पण पदर काढला तेव्हा बाई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाप्पा रे! एकजन तं भेटला! चाळीस वर्षांत माहं बरोबर होतं असं कोनी म्हटलं नव्हतं," म्हणाल्या. मग उठून आत गेल्या, घासूनपुसून दुसरा तांब्या आणला. नानांनी उभ्या उभ्या तो रिकामा केला.

सायकल न घेताच आम्ही निघालो. परतीच्या गाडीत मी नानांवर असा भडकलो की डब्यातले लोक बघायला लागले. "बाई बावीस मागत होती! मागणाऱ्याला कळत नसेल तर त्याला शिकवायला नेलं होतं का तुम्हाला?" नाना म्हणाले, "मंग माले कसाले लई उनात? तुमनं तुम्ही घेतात." मग मला आणलंत कशाला, हा त्यांचा सवाल घेऊन मी जळगावपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलो.

पंधरा दिवस मला झोप नाही, चैन नाही. शेवटी अक्कांना फोन केला. म्हटलं, नानांचा भाव म्हणजे पुण्यातल्या शौकिनांचा, ते काय बोदवडला येणार आहेत? माझ्याकडे बावीस आहेत, आज देतो. त्या म्हणाल्या, "न्या भाऊ. मला तं घर मोकळं करायचंय." मी गेलो, बावीस हजार दिले आणि टेम्पोत घालून सायकल घेऊन आलो. हे मी केलं. अर्थशास्त्राचा प्राध्यापक.

सायकलचे ब्रेक लावून घ्यायला नानांकडेच जावं लागलं, दुसऱ्याच्या हाती द्यायचा धीर होईना. नानांनी सायकलवरून हात फिरवला. "कितलामा लिधी?" म्हणून विचारलं.

"सत्तर," मी म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"बरं व्हयनं," नाना म्हणाले. ब्रेक लावले, चाकांतले छर्रे काढून धुतले, नवं ग्रीस भरलं, आणि पैसे घेतले नाहीत. त्याच महिन्यात दुकानाच्या छताला टांगलेल्या त्यांच्या दोन जुन्या सायकली दिसेनाशा झाल्या. कुणी कितीही मागितल्या तरी ते त्या देत नसत. विकल्या का म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "इकी दिध्यात." आणि दाराकडे गेले. मी जास्त खोदलं नाही. तेव्हा त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवायचं मी टाळतच होतो.

पुढच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात नाना गेले. दुकानात, चाक फिरवता फिरवता कोसळले. नरडाण्याला दिलेली त्यांची लेक धावत आली तोवर संपलं होतं. मी खांदा दिला, घरी येऊन ती हिरवी सायकल पाहिली आणि मला तिथं उभं राहवेना. मेलेल्या माणसाशी खोटं बोललेलं परत कसं घेणार? एकच होण्यासारखं होतं. अठ्ठेचाळीस हजार पाकिटात घातले आणि बोदवड गाठलं. अक्का घरीच होत्या. सुरतेला करमेना म्हणून परत आलेल्या.

पाकीट पुढे केलं तर म्हणाल्या, "हे आनखी कशाचे?"

"सायकलचे. राहिलेले."

"अहो, ते तं तुम्ही कधीच पाठवले! नाना घेऊन आले होते. म्हने, सरांकडे तेव्हा कमी होते, आता झाले, म्हनून माह्या हाती दिले. चांगलं बोलत होते तुमच्याबद्दल."

म्हणजे माझं खोटं त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं, आणि छताच्या त्या दोन सायकली माझ्यापायी गेल्या होत्या. माझ्या दाराशी उभं राहून त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पाकीट खिशात घालून मी निघू शकत होतो, नानांनी तशी सोय करून ठेवली होती. पण माझ्याच्यानं ते झालं नाही. मी ओसरीवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं: फोनवर काय बोललो, नानांना काय बोललो, आणि नाना गेल्याचंही.

नाना गेल्याचं ऐकून त्या खाली बसल्या. मग पाकीट माझ्याच हाती परत ठेवलं.

"हे त्यांच्या पोरीला नेऊन द्या. आजच द्या."

"अक्का, मला काहीतरी बोला," मी म्हणालो.

"काय बोलू? चाळीस वर्षं एका मानसावर चिडून झालं, भाऊ. आता तुमच्यावर चिडायला माह्यात दम नाही."