माझ्या ड्रॉवरचे चॅनल
खारघरच्या आमच्या किचनमधल्या ड्रॉवरसाठी बॉल बेअरिंगचे चॅनल, म्हणजे सरकपट्ट्या, मी स्वतः दुकानात ओढून-ओढून निवडले. दसऱ्याला घरी आणले म्हणून आईने प्रत्येक चॅनलला हळदीकुंकवाचं बोट लावलं. मला ऑफिस होतं, म्हणून सुतारावर लक्ष ठेवायला चुलतभावाला बसवलं. घरचाच माणूस! काम संपल्यावर मी फक्त वरचा ड्रॉवर ओढून बघितला आणि खूश झालो.

महिन्याभरात खालचा ड्रॉवर डब्यांसकट माझ्या पायावर आला. आत प्लास्टिकच्या चाकांचे फालतू चॅनल होते. मी सुताराला फोनवर नको नको ते बोललो. माझ्यापेक्षा जोरात भाऊच ओरडला.

परवा तळवलीला भावाच्या घरी चमचा घ्यायला ड्रॉवर ओढला. अलगद सरकला. बाजूच्या चॅनलवर आईच्या बोटाचं कुंकू होतं. नालायकाने ते पुसायचेही कष्ट घेतले नव्हते.