उतारावरचा टँकर

बशीर गेल्याचं मला मंद्रूपच्या आठवडी बाजारात कळलं. भेंडी निवडत होतो, ती तशीच टाकून निघालो... आणि वाटेत आठवला त्याचा टँकर. जिवाभावाचा मित्र गेला नि मला टँकर आठवतोय! पण कडब्याच्या गंजी रचून झालेल्या, ऊन तापायला लागलेलं. आता गावाचं कसं, हेच प्रत्येकाच्या मनात आलं असणार.

बशीर ट्रॅक्टरला टँकर जोडून वस्त्यांवर पाणी पुरवायचा. उन्हाळ्यात मात्र दिवस मावळता टाकी भरून आणायचा, वेशीजवळच्या उतारावर लावायचा आणि बोटाच्या पेरानं टाकीवर ठोकून बघायचा. ठण्ण वाजली तर रिकामी, धप्प वाजली तर भरलेली. मला नसत्या चौकशांची खोड. एकदा म्हटलं, "लोकांच्या घागरी कोरड्या, आणि तू पाणी झोपवून ठेवतोस व्हय रे?"

"आग काय सांगून येती? बंबाची गाडी सोलापुरातनं निघणार. ती येस्तवर राख हुती की!"

मग पंचायत गाडी का घेत नाही? "घेतली तर डायवर कुणी ठेवायचा, डिझेल कुणी घालायचं? इचार जा सरपंचाला." विचारलं. सरपंचांनी जिल्ह्याकडं बोट दाखवलं, जिल्ह्याच्या साहेबांनी परत पंचायतीकडं. शेवटी गावानंच रीत पाडली. गंज रचताना काही पेंढ्या बाजूला काढायच्या आणि बशीरच्या अंगणात टाकायच्या. आगीच्या पेंढ्या. त्याच्या म्हशी त्यावर पोसायच्या नि आमच्या गंजी टाकीच्या भरवशावर उभ्या राहायच्या.

एका उन्हाळ्यात माझीच गंज पेटली. बशीर अनवाणी धावला, टँकर उतारावरून सुसाट आणला. अर्धी गंज वाचली. मी त्याच्या गळ्यात पडून रडायला लागलो, तर हा विचारतो, "यंदाच्या पेंढ्या दिल्यास नव्हं?"

"दिल्यात की!"

"मग रडतूस कशाला?"

त्याच्या चाळिसाव्यानंतर, यंदा बाजूला काढून ठेवलेल्या पेंढ्या घेऊन गेलो. टँकर उतारावरच होता. विकला तर नाही ना, ही धास्ती तरी मिटली. हळूच पेरानं ठोकलं. धप्प!

भाभी दारातून बघत होत्या. "पोरगी भरून आणती, अण्णा. रिकामी ठेवली तर हे कबरीतनं उठून येतील की!"

आम्ही दोघंही हसलो. पेंढ्या अंगणात उतरवल्या... आणि मनात आलं, एक दिवस ठेवूनच बघावी का रिकामी?