नाचणीच्या शेतातली सीडी

२००२ सालचा ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. मोखाड्याच्या एस.टी. स्टँडजवळ मंदाताईंच्या टायपिंगच्या गाळ्यात आम्ही तिघं होतो: मी, मंदाताई आणि त्यांचा नवरा काशिनाथ. समोर टेबलावर साडेअठ्ठावीस हजारांचा कॉम्प्युटर होता. पाच महिन्यांपूर्वी मीच जोडून दिलेला. त्याच्या स्क्रीनवर त्या घडीला फक्त सोळा रंग होते.

सोळा रंग पुष्कळ झाले असं कोणाला वाटेल. पण मंदाताई ज्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करत, ते उघडायला किमान दोनशे छप्पन्न रंग लागत. आयकॉनवर क्लिक केलं की सॉफ्टवेअर तसं स्पष्ट सांगे आणि बंद होई. बाकी कॉम्प्युटर ठणठणीत होता.

माझं जव्हारला कॉम्प्युटर असेम्बल करून विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान आहे. असेम्बल म्हणजे सुटे भाग आणून जोडणं. मी महिन्यातून एकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाई आणि मिळेल त्या लॉटमधले मदरबोर्ड घेई. मदरबोर्ड म्हणजे जिच्यावर बाकी सगळं बसतं ती पट्टी. दर खेपेला कंपनी वेगळी, मॉडेल वेगळं. त्यामुळे प्रत्येक मशीनसोबत त्याची स्वतःची एक सीडी येई. तिच्यावर ड्रायव्हर असत. ड्रायव्हर म्हणजे मध्यस्थ. आमच्याकडे पाड्यावरचा म्हातारा आणि ऑफिसातला साहेब यांच्यामध्ये दोघांची बोली जाणणारा एकजण उभा राहतो, तसा. तो नसेल तर विंडोज खुणेनं जेवढं सांगता येईल तेवढंच स्क्रीनला सांगते. सोळा रंग म्हणजे खुणेची भाषा.

आदल्या दिवशी लाइट तीनदा गेली. तिसऱ्यांदा विंडोज बंद पडली ती उठलीच नाही. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं आलो, सी ड्राइव्ह पुसला आणि विंडोज आणि मराठीचं सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं. मंदाताईंचं काम डी ड्राइव्हवर होतं, तिकडे हात लावला नाही. एवढं झाल्यावर मी म्हणालो, "आता ती सीडी द्या. मशीनबरोबर दिलेली."

मंदाताईंनी कपाट उघडलं. साडीची घडी उचलली. खाली काही नव्हतं. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. काशिनाथ दाराबाहेर एस.टी. बघत होता.

"सीडी कुठंय?"

"कुठली?"

"मशीनची. दसऱ्याला पूजेत मांडलेली."

"ती होय," काशिनाथ म्हणाला. "ती खराब होती. शेजारच्यांच्या व्हीसीडीवर लावून बघितली ना मी. गाणं नाही, चित्र नाही. बा आले होते त्या दिवशी, त्यांना दिली. पाखरांसाठी."

मंदाताईंनी कपाट जरा जोरातच बंद केलं.

मशीन विकताना मी त्यांना बजावलं होतं, ही सीडी मशीनइतकीच मोलाची आहे. म्हणून त्यांनी दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली तेव्हा सीडीही शेजारी ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं होतं. सासऱ्यांनी तिथंच ती चमकताना पाहिली. नाचणी तेव्हा कणसात भरत आली होती.

त्याच वेळी आश्रमशाळेचे मुख्याध्यापक गाळ्यात आले. सहामाहीचे पेपर मंदाताईंकडे होते. पाचवी ते दहावी, सगळे विषय. आजवर हे काम नाशिकला जायचं. या खेपेला सरांनी धाडस करून ते गावात दिलं होतं, बघू या म्हणून. गणित आणि विज्ञानाचे काही पेपर अजून टाइप व्हायचे होते. मग सगळे तपासून स्वच्छ प्रिंट काढायची होती.

"कुठवर आलं?" सरांनी स्क्रीनकडे पाहत विचारलं.

"थोडं मशीनचं बघतायत दादा," मंदाताई म्हणाल्या.

"मंदाताई, उद्या दुपारी दोनला माझा शिपाई येईल. पेपर असले तर घेईल. नसले तर तो तसाच नाशिकच्या गाडीत बसेल. राग मानू नका. सोमवारी पोरं पाट्या घेऊन बसायची नाहीत."

"असतील सर."

"हे चांगले झाले तर वार्षिकचंही तुम्हालाच," जाताना ते म्हणाले, "आणि शेजारच्या शाळेलाही मी सांगेन."

सर गेल्यावर मंदाताईंनी मला हळूच सांगितलं. काशिनाथ सात वर्षं भिवंडीला गोडाऊनमध्ये होता. मशीन घेतलं तेव्हा तो दिवाळीपर्यंतच्या बोलीवर घरी आला होता. दुकान दोघांना पोसेल असं दिसलं तर राहायचं, नाहीतर दिवाळीनंतर परत. शेठचा निरोप दोनदा येऊन गेला होता. मुलगी दुसरीत होती. "हे काम मिळालं तर ते जायचे नाहीत," त्या म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

आता माझ्यापुढचे मार्ग सांगतो. माझ्या पिशवीत दुसऱ्या एका मदरबोर्डची सीडी होती, नाव बरंचसं तेच. तिच्यातला ड्रायव्हर टाकला. स्क्रीन काळा झाला. नावात साम्य असलं म्हणजे एक घर असतं असं नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे कमीत कमी गोष्टी घेऊन मशीन चालू केलं, तो ड्रायव्हर काढला आणि परत सोळा रंगांवर आलो.

दुसरा मार्ग इंटरनेटचा. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर असतो. पण या मशीनचा मोडेम मदरबोर्डवरच होता आणि मोडेमचा ड्रायव्हरही त्याच सीडीवर. पेटीची किल्ली पेटीत. जव्हारला इंटरनेटचं एक दुकान होतं, तिथं फोन करून विचारलं. लाइन परवापासून बंद होती. मुंबईला जाऊन यायचं तर परतायला उद्याची सकाळ उलटली असती आणि मग टाइप करायला वेळच उरला नसता.

राहिलं शेत.

काशिनाथनं ओळखीच्याची मोटारसायकल आणली. पाड्याकडचा रस्ता निम्मा डांबरी, निम्मा पावसानं नेलेला. शेवटी गाडी लावून चालत उतरलो. उतारावर नाचणी आणि वरई उभी होती, कणसं खाली वाकलेली. बांधावर बुधाबाबा, म्हणजे काशिनाथचे वडील, विळा घासत बसले होते. शेताच्या वरच्या कोपऱ्यात दोन काठ्यांमध्ये सुतळी बांधली होती. तिला औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, एक फुटका आरसा आणि मधोमध माझी सीडी. वाऱ्यानं फिरत होती. तिचा कवडसा समोरच्या जांभळीवर जाऊन परत येत होता.

"बा, ती सीडी पाहिजे," काशिनाथ म्हणाला.

"कशाला?"

"ती मशीनची हाय."

"तूच बोललास खराब हाय म्हणून."

"तेव्हा कळलं नव्हतं."

"भिवंडीला सात वरसं काय केलंस मग?" बुधाबाबांनी विळ्याची धार अंगठ्यावर पाहिली. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, बसा."

"बाबा, मी मास्तर नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करतो."

"मग पिशवी मास्तरची कशी?"

मी त्यांना सरळ सांगितलं. ही सीडी नसेल तर सूनबाईंचं मशीन चालत नाही, मशीन चाललं नाही तर उद्याचं काम जातं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग जांभळीकडे बोट केलं.

"पाखरं तिथं बसतात. तिथनं उतरतात. आरशाला भीत नाय, पाकिटाला भीत नाय. हिला भितात. माझी कापणी बुधवारी हाय. हिला न्याल तर बुधवारपर्यंत हा कोपरा पाखरांचा. मग?"

हाही हिशेब खोटा नव्हता. नाचणी त्यांच्या वर्षाच्या भाकरीची होती. मी पिशवीतून दोन सीड्या काढल्या. एक कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेली, दुसरी सकाळी स्क्रीन काळा करणारी.

बुधाबाबांनी पहिली उन्हात धरली. कवडसा जांभळीवर पाडून पाहिला. "हिचा उजेड मऊ हाय," म्हणाले. दुसरी धरली. पानं लखलखली. फांदीवरची चार पाखरं उडाली.

"ही चालंल. पण ती पण ठेवा."

"एकाला दोन?"

"तुमची नड हाय ना मास्तर?"

दोन दिल्या. सकाळी निकामी ठरलेली सीडी इथे पहिल्या परीक्षेत पास झाली. काशिनाथनं नव्या दोन्ही बांधल्या, मगच बुधाबाबांनी जुनी सोडून माझ्या हातात दिली. "पूजा केलेली हाय," म्हणाले. "नीट न्या."

एक वाजता गाळ्यात परत आलो. सीडीची तपासणी केली. चमकत्या बाजूवर हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट, दोन्ही पावसाच्या शिंतोड्यानं पसरलेली. काही पाखरांचंही होतं. ज्या बाजूनं मशीन सीडी वाचतं, नेमकी तीच ही बाजू. मंदाताईंनी जास्त चमकते ती बाजू वर ठेवून पूजा केली होती. देवाला पाठ कोण दाखवतो?

कोमट पाण्यात अंगाचा साबण विरघळवला. सीडी धुतली आणि जुन्या मऊ सुती कापडानं पुसली, मधून बाहेर सरळ. गोल पुसायची नाही, कारण माहिती गोल लिहिलेली असते. चरा पडला तर तो तिच्याच वाटेनं लांब जातो. कुंकू निघालं. हळदीचा थोडा डाग राहिला. बाहेरच्या कडेला सुतळीच्या गाठीनं घासून एक खोल चरा पडला होता. त्याला इलाज नव्हता.

सीडी आत टाकली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, परत घरघरला. काशिनाथ उठून उभा राहिला. मंदाताई बसल्या होत्या तिथंच बसल्या, हात मांडीवर.

फोल्डर दिसले. मी तिथून थेट काही चालवलं नाही. आधी एकेक फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करायला घेतला. आजारी सीडीला दोनदा कामाला लावू नये. डिस्प्लेचा फोल्डर अर्ध्यावर अडकला. निळी पट्टी हलेना.

"खराब आहे का दादा?" मंदाताईंनी विचारलं.

"वाचतोय अजून. आवाज येतोय ना, म्हणजे प्रयत्न चालू आहे."

सीडी काढली, हळदीच्या डागावर पुन्हा साबणाचं बोट फिरवलं, धुऊन वाळवली, परत घातली. या वेळी पट्टी अडकली तिथंच थबकली आणि मग एकदम पुढे गेली. डिस्प्लेचा फोल्डर पूर्ण उतरला. मोडेमचाही. साउंडचा फोल्डर चऱ्याजवळ होता, तो चार प्रयत्नांनंतरही उतरला नाही.

"साउंड म्हणजे?" काशिनाथनं विचारलं.

"गाणी."

"गाण्यांचं मरू दे," मंदाताई म्हणाल्या.

ड्रायव्हर टाकला, मशीन रीस्टार्ट केलं. स्क्रीन क्षणभर काळा झाला. सकाळचा अनुभव ताजा होता. मग विंडोजचा निळा रंग आला, पहिल्यापेक्षा वेगळा, खोल. अक्षरं बारीक आणि रेखीव झाली. मी मराठीच्या सॉफ्टवेअरवर क्लिक केलं. उघडलं. मंदाताईंनी सातवीचा इतिहास काढून पाहिला. काना, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी.

"दादा, तुम्ही उठा," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची दिली. प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोजमध्येच होता, तो मी मागून टाकला. त्या तोवर गणितात शिरल्या होत्या. काशिनाथ टाइप झालेले पेपर मूळ कागदाशी ताडून पाहायला बसला. त्याला शुद्धलेखन फार येत नव्हतं, पण आकडे चोख. गणिताच्या पेपरात तेच हवं होतं. मी चारच्या गाडीनं जव्हारला परतलो.

शनिवारी दुपारी दुकानात फोन वाजला.

"दादा, शिपाई आला होता."

"मग?"

"पाकीट घेऊन शाळेकडे गेला. नाशिकची गाडी रिकामी गेली."

वार्षिक परीक्षेचं काम त्यांनाच मिळालं आणि शेजारच्या शाळेचंही. काशिनाथ दिवाळीनंतर भिवंडीला गेला, तो उरलेला पगार आणि गादी आणायला. तिसऱ्या दिवशी परत आला. त्या गाळ्यात पुढे झेरॉक्सचं मशीन आलं, तेही माझ्याच ओळखीनं.

मी यातून शिकलो ते एवढंच. दुसऱ्या वर्षी सीडी रायटर घेतला आणि विकलेल्या प्रत्येक मशीनच्या ड्रायव्हर सीडीची एक प्रत माझ्याकडे ठेवू लागलो. गिऱ्हाईकाला दिलेल्या सीडीवर मार्करनं लिहितो: "गाण्याची नाही. खराब नाही. टांगू नये." ही तिन्ही वाक्यं लागतात.

बिल मी दिवाळीनंतर मोखाड्याला गेलो तेव्हा दिलं. बुधाबाबाही गाळ्यात बसले होते. नाचणी घरात आली होती. मंदाताईंनी त्यांना स्क्रीन दाखवला, हे सगळं तुमच्या सीडीनं चालतं म्हणून सांगितलं. त्यांनी जरा वेळ पाहिलं.

"एवढंच?" म्हणाले. "शेतात जास्त चमकायची."

सर्व्हिस चार्ज अडीचशे, येण्याजाण्याचं भाडं तीस. मंदाताईंनी शाळेच्या पैशांतून मला दोनशे ऐंशी मोजून दिले. बुधाबाबा बघत होते.

"आन् माझं?"

"तुमचं कसलं, बा?" मंदाताईंनी विचारलं.

"सीडी माझ्या शेतातनं नेली. तिचं भाडं."

"बाबा, मी तुम्हाला एकाला दोन दिल्या," मी म्हणालो.

"ते पाखरांचं. माझं काय?"

मंदाताईंनी हसू दाबत गल्ल्यातून दहाची नोट काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून नीट पाहिली आणि मुंडाशात खोचली. तेव्हा त्या दुरुस्तीचा एकूण खर्च दोनशे नव्वद रुपये: मला दोनशे ऐंशी, बुधाबाबांना दहा.