आत्याचा मान

आमची पहिली मुलगी सातव्या महिन्यातच झाली. ग्लासगोच्या हॉस्पिटलात, इन्क्युबेटरमध्ये, नाकात नळी. जगते की नाही याची खात्री नव्हती. बिननावाची जाऊ नये म्हणून बारसं तिथेच करायचं ठरलं.

कानात नाव सांगायचा मान आत्याचा. वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, वेम्बलीहून यायच्या होत्या. पण फ्लू झाला म्हणून शहाण्यासारख्या घरीच थांबल्या. मग त्यांच्या ओठाच्या कडेला जर उठला. ओठावर असे बारीक फोड आले की ताप बाहेर पडला, माणूस बरं झालं, असंच आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्या निर्धास्त मनाने ट्रेनमध्ये बसल्या. हॉस्पिटलात कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला. नवरा डॉक्टर, पण तो तेव्हा त्याच्या वॉर्डात होता. नर्सने इन्क्युबेटर उघडून दिला. वन्संनी वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं आणि कपाळाचा मुका घेतला. मला रडू आलं, आनंदाने.

पुढच्या आठवड्यात तिच्या कानामागे पुरळ दिसलं, मग आचके सुरू झाले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, भेटायला आलेल्या कुणाच्या ओठावर फोड होते का? आपल्याला चार दिवस चुरचुरणारा तो व्हायरस इवल्याशा बाळाचं लिव्हर आणि मेंदू खातो, हे मला तेव्हा कळलं. औषध दिलं, पण उशीर झाला होता. ती गेली.

ताईला यातलं अक्षर कळता कामा नये, ती जिवाचं बरंवाईट करून घेईल, असं नवऱ्याने मला बजावलं. मी तोंड शिवून बसले. पण फोनवर वन्संचा आवाज आला की डोक्यात तिडीक जायची. जी समजूत नडली ती माझ्या आईचीही होती, हे कळत होतं. राग मात्र माणसावरच येतो.

मुलगा ब्रिस्टलला झाला, पूर्ण दिवसांचा, धडधाकट. बारशाला वन्सं आल्या. पाळण्यापाशी जमलेल्या बायका आत्याला पुढे करू लागल्या. मी बाळाला छातीशी धरून त्यांच्या ओठांकडे पाहत राहिले.

त्या जवळ आल्या, चेहरा उजेडाकडे वळवला आणि फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "नीट बघून घे. या वेळी काही नाहीये. तरी नाव तूच सांग."

त्यांना कुणी सांगितलं, कधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही. बाळाच्या कानाशी वाकले. वन्सं दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या, तोंडावर पदर घट्ट धरून.